राहिलं नाही

“राहिल्या नाय त्या, म्याडम,” रखमा म्हणाली आणि ट्रे समीक्षाच्या पुढ्यात सरकवून पिंजरे धुवायला निघूनही गेली. तिच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्रयोगशाळेत हे वाक्य कोणी ना कोणी रोजच बोलत असे, चहा आला म्हणावं तसं. पांढऱ्या, तांबड्या डोळ्यांच्या उंदरांची मादी संध्याकाळी नराच्या पिंजऱ्यात सोडायची, सकाळी तिच्या अंगातला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, नराचं बीज दिसलं की तिला वेगळं काढायचं, आणि दिवस भरत आले की तिचं पोट उघडून पाहायचं, राहिली की नाही राहिली. दोन उत्तरांचा कारभार. समीक्षा कित्येक वर्षं हा कारभार सांभाळत होती. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला मोठ्या जागांवर गेली होती, आणि तिचा हात या कामात कधी अडखळला नव्हता. आज मात्र चिमटा हातातच राहिला. ट्रेमधल्या मीठपाण्यात गर्भपिशव्या ओळीने ठेवल्या होत्या, प्रत्येकीला दोन शिंगं, आणि शिंगं कसली, नुसते फिके सपाट दोरे. शेजारच्या ट्रेमधल्या, पुरं औषध मिळालेल्या माद्यांच्या पिशव्या भुईमुगाच्या शेंगांसारख्या दाण्यादाण्यांनी फुगल्या होत्या. आणि या अशा. राहिल्या नाय. सकाळपासून दुसऱ्यांदा हा शब्द तिच्या कानावर पडत होता, आणि पहिल्यांदा पडला तेव्हा विषय उंदरांचा नव्हता.

सकाळी किशोरचा फोन आला होता. किशोर तिचा नवरा. मुंबईत नोकरी, पंधरवड्यातून एकदा महाडच्या खोलीवर मुक्काम. फोनवर तो आधी भाताचं बोलला, मग घाटातल्या रस्त्याचं बोलला, आणि माणूस उगाच रस्त्याचं बोलायला लागला की खरी गोष्ट पुढच्या वळणावर असते हे बायकोला कळतंच. उद्या सोनालीची ओटी होती. सोनाली तिची धाकटी जाऊ, सातवा लागलेली. पोलादपूरच्या वर, उमरठच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी, तिथे सगळा कार्यक्रम. “आई म्हणते तू जेवायला ये. ओटीचं सकाळीच उरकतील. टेन्शन नको घेऊ, समज ना जरा,” असं किशोर म्हणाला. समीक्षाला समजायला वेळ लागला नाही. वाडीची एक रीत होती. ओटी भरायला बाई पुढे झाली की पाटाशेजारी बसलेली वाडीतली सगळ्यांत थोरली म्हातारी विचारते, “किती गो?” बाईने आपल्या लेकरांचा आकडा सांगायचा आणि मग नारळ-तांदूळ पदरात घालायचे. तो आकडा म्हणे पोटातलं मूल ऐकतं, आणि या घरात पोरं होतात, जगतात, असा त्याला धीर येतो. जिला सांगायला आकडा नाही तिने पुढे होण्याचं कारणच नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, तेवढ्या काळात वाडीवरच्या प्रत्येक ओटीला समीक्षा चुलीपाशी वडे तळत होती. तिला कोणी कधी हाकललं नाही. “वडं बघ गो जरा,” एवढंच म्हणायचे, आणि तेही मायेने. यंदा वडेसुद्धा नकोत, थेट जेवायला. आईचं काय चुकलं सांग, किशोर म्हणत होता, चारचौघींत तुला कोणी किती म्हणून विचारलं तर तुलाच वाईट वाटणार. आणि फोन ठेवता ठेवता, झोपलेलं कोणी जागं होऊ नये अशा आवाजात तो म्हणाला, “आपलं राहिलंच नाही ना कधी.” तिने हो म्हटलं. आता ट्रेसमोर उभं राहून तिला नवल वाटत होतं ते या हो म्हणण्याचं.

दीपेश सर आले ते घाईत. ते संस्थेचे प्रमुख, पुण्याचे, माणूस सरळ, फक्त पायाला कायम भिंगरी. त्यांनी उभ्या उभ्या ट्रे पाहिला. प्रयोग तसा साधा होता. पोटात गर्भ रुजला की त्याला धरून ठेवायचं काम मादीच्या अंगातलं एक संप्रेरक करतं, प्रोजेस्टेरॉन. ते एका औषधाने दाबून टाकायचं, म्हणजे मादीच्या अंगचा आधार काढून घ्यायचा, आणि मग तेच बाहेरून, तिळाच्या तेलात कालवून टोचायचं. किती टोचलं म्हणजे गर्भ टिकतो ते पाहायचं. एका कंपनीला हे तेलातलं इंजेक्शन बायांसाठी आणायचं होतं, ज्यांचा गर्भ टिकत नाही अशा बायांसाठी. माद्यांचे दोन गट केले होते, कमी मात्रेचा आणि पुऱ्या मात्रेचा, आणि कंपनीचा सगळा जीव कमी मात्रेवर होता. ट्रेमधल्या फिक्या दोऱ्या त्याच गटाच्या. सर म्हणाले, या तर राहिल्याच नाहीत, मग औषधाने टिकवायचं काय, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माद्यांची ही खेपच खराब दिसतेय, हा गट वगळू आणि नव्या माद्या घेऊन परत करू. नराचं बीज दिसलं म्हणजे गर्भ धरलाच असं नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण समीक्षाच्या डोक्यात दुसरी बाजू लख्ख उभी राहिली. या माद्या मुळात वांझ ठरल्या तर औषध निर्दोष सुटतं. यांच्यात गर्भ रुजून मग गेला असेल तर कमी मात्रा नापास, आणि ती नापास आहे हे आज कळलं नाही तर उद्या कुणा बाईला ते अर्धं-अपुरं तेल टोचलं जाणार, आणि गर्भ गेल्यावर तिलाच ऐकवलं जाणार की दोष तुझ्यात. ती म्हणाली, रंगवून बघू या. रिकाम्या दिसणाऱ्या पिशव्या रंगवायची पद्धत मोठ्या प्रयोगांत पाळतातच; गर्भ रुजून गेला असला तर त्या जागी काळा ठिपका उमटतो. हा प्राथमिक प्रयोग म्हणून ती पायरी गाळली होती, आणि खरं सांगायचं तर ती गाळण्याचं कारण त्या रसायनाच्या बाटलीचा वास हे होतं. सरांनी तोंड वाकडं केलं. मागच्या वेळी बाजूच्या इमारतीतून तक्रार आली होती. “वगळायच्या तर बघून वगळू, सर,” समीक्षा म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, सरांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. संध्याकाळी कंपनीला कळवायचंय, तोवर काय ते करा, असं म्हणून ते गेले.

बाटली आणायला ती कपाटाकडे गेली आणि कपाटाचं दार उघडं धरून तशीच उभी राहिली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, महाडातल्या आताच्या खोलीत नाही, आधीच्या, बाजारपेठेतल्या खोलीत, न्हाणीघराच्या खिडकीशी तिने एक पट्टी उजेडात धरली होती. एक रेघ ठळक. दुसरी रेघ होती. फिकी होती, पण होती. प्राणिशास्त्र शिकलेल्या मुलीला रेघ आणि सावली यांतला फरक कळतो. तिने कोणाला सांगितलं नाही. तिसरा सरेपर्यंत बोलायचं नसतं, झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिच्या तुडीलच्या माहेरीही होतं आणि वाडीवरही होतं. किशोर आला की त्याला दाखवायचं म्हणून पट्टी तिने साडीच्या घडीत ठेवली. तो यायच्या आधीच एका दुपारी सगळं संपलं. पोटात कळ, मग दुसरी, आणि मग ते रक्त, नेहमीच्यापेक्षा वेगळं. पुन्हा दीड-दोन वर्षांनी तसंच. त्या वेळी सासू, ठकूबाई, योगायोगाने खोलीवर होती, तीच तिला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तपासलं, पडदा बाजूला करून त्या हात पुसत बाहेर आल्या आणि बाकावर बसलेल्या ठकूबाईला म्हणाल्या, “राहिलं नाही हो.” ठकूबाईने मान हलवली. घरी येईपर्यंत ती रिक्षात समीक्षाच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. पण वाडीवर गेल्यावर तिने सांगितलं ते असं, की डाक्टरीन म्हनली, राहिलंच नाय.

च लागला आणि सगळं फिरलं. समीक्षाने तो च त्याच वेळी काढायला हवा होता. पण काढून दाखवणार काय? पहिल्या वेळच्या पट्टीवरची रेघ दोन दिवसांत पुसट झाली होती, आणि किशोर आला तेव्हा त्याने ती बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाला होता, या पट्ट्या कधी कधी फसवतात म्हणे. तो दुःखी होता, त्याला असलेलं गेलं यापेक्षा नव्हतंच हे सोपं वाटलं असावं. पुढे पुराचं पाणी आलं, त्या खोलीतलं सगळं चिखलात गेलं, साड्या गेल्या, पट्टीही गेली. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली, जी समीक्षाने कधीच कोणाला सांगितली नाही. तिला स्वतःलाच शंका यायला लागली. ती रोज इतरांच्या निष्कर्षांवर पुरावा काय म्हणून बोट ठेवणारी बाई. स्वतःच्या बाबतीत तिच्याकडे पुरावा नव्हता. दुसरी रेघ खरंच होती की खिडकीच्या गजाची सावली पडली होती? कळ होती की नुसती उशिरा आलेली पाळी? हजार वेळा आठवून आठवून आठवण झिजली आणि शेवटी तिच्या हातात फक्त ठकूबाईचं वाक्य उरलं. नसलेल्या गोष्टीचं दुःख करायची सोय नसते. ती चुलीपाशी वडे तळत राहिली, आणि वडे चांगले होत, सगळ्या म्हणत.

बाटलीचं झाकण फिरवलं आणि सडक्या अंड्याचा तो वास धूर ओढून घेणाऱ्या पंख्यालाही न जुमानता खोलीभर पसरला. थोड्या वेळाने फाटकावरचा पहारेकरी तोंडाला रुमाल बांधून धावत आला, कुठे वायू सुटला की काय म्हणून. या वसाहतीत वासाला माणसं अशीच भितात. त्याला घालवून देईपर्यंत समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि वासाबरोबर महाडजवळचं सव गाव आठवलं. सवचं ते ऊन पाण्याचं कुंड, गंधकाचा असाच वास, फक्त जरा मवाळ. ठकूबाईच घेऊन गेली होती तिला. गरम पाण्याने अंगातला गारठा निघतो, कूस मऊ होते, असं कोणीतरी सांगितलं होतं. समीक्षा सुशिक्षित, तिचा विश्वास नव्हता, पण ती गेली. भल्या सकाळी, थंडीचे दिवस, पाण्यावरून वाफा निघत होत्या, आणि ठकूबाई लुगड्याचा काष्टा मारून गुडघाभर पाण्यात उभी राहून सुनेची पाठ चोळत होती, आपल्या खरखरीत, नाचणी दळलेल्या हातांनी, वरपासून खालपर्यंत, म्हशीला घासावं तशी नेटाने. चोळता चोळता पुटपुटत होती काहीतरी. समीक्षाला त्या वेळी लाज वाटली होती, रागही आला होता. आणि तरी आज, हातमोजे घालून रसायन मोजताना, तिला आठवला तो हातांचा जोर. इतक्या जोराने कोणी आपल्या शत्रूची पाठ चोळत नाही. मग त्या बाईने तो च का लावला?

तिने पहिली पिशवी काचेच्या बशीत उतरवली. फिकी दोरी पिवळट पाण्यात बुडाली. लगेच काही होत नाही. रसायनाला आपलं काम करायला वेळ द्यावा लागतो, आणि या वेळात तंत्रज्ञ मंडळी बाहेर जाऊन नाक मोकळं करतात. समीक्षा गेली नाही. ती स्टूल ओढून बसली. तिला कळत होतं की आपण उंदराच्या मादीकडे पाहत नाही आहोत, आणि हेही कळत होतं की असं करणं शास्त्राला धरून नाही. बाईचं पोट उघडून असं बशीत घालता येत नाही, आणि घातलं तरी इतक्या वर्षांनी त्यात काही सापडणार नाही. तरी ती बसली. आधी काहीच दिसेना. मग दोरीच्या एका जागी किंचित मळकटपणा आला, इतका किंचित की तिने डोळे पुसून परत पाहिलं. मळकट जागा करडी झाली. करड्याची हिरवट काळी झाली. मग तिच्या शेजारी थोडं अंतर सोडून दुसरी. मग तिसरी. बघता बघता त्या सपाट, रिकाम्या, वगळायला काढलेल्या दोरीवर काळ्या मण्यांची ओळ उमटली, नीट, सारख्या अंतरावर, जसे गर्भ रुजताना आपापली जागा वाटून घेतात अगदी तशी. ठिपके मोजायचे असतात. तिने मोजले नाहीत. तिने नुसतं पाहिलं आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता हे तिला मागाहून कळलं. दुसरी पिशवी, तिच्यातही. तिसरी, तिच्यातही. एकही मादी कोरी निघाली नाही. सगळ्यांना राहिलं होतं. सगळ्यांनी धरलं होतं, जमेल तितकं, आणि आधार तोकडा पडला म्हणून सुटलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

रखमा पदर नाकाला लावून डोकावली. समीक्षाने तिला बशी दाखवली आणि सांगितलं, राहिल्या होत्या गं या. रखमाने ठिपक्यांकडे पाहिलं, मग समीक्षाकडे पाहिलं, आणि तिला बशीपेक्षा म्याडमचा चेहरा जास्त बघण्यासारखा वाटला असावा. तिच्या दृष्टीने सगळं एकच होतं, राहिल्या नाय म्हणजे राहिल्या नाय, पोरं कुठायत? पण समीक्षाच्या मनात तो शब्द आता उलगडून पडला होता, सुपातल्या तांदळासारखा, एकेक दाणा वेगळा. राहिलं नाही. आपल्या भाषेने दोन गोष्टींना एकच शब्द दिलाय. आलंच नाही त्यालाही राहिलं नाही, आणि आलं, वस्तीला राहिलं आणि टिकलं नाही, त्यालाही राहिलं नाही. डॉक्टरीणबाई एक म्हणाल्या. ठकूबाईने दुसरं ऐकलं. दोघींपैकी कोणी खोटं बोललं नाही, आणि त्या दोन अर्थांच्या मधल्या फटीत समीक्षाची इतकी वर्षं गेली. रिकामं दिसणं हा पुरावा नव्हे. एवढंच. एवढी साधी गोष्ट ती पोरांना शिकवत आली होती. न्हाणीघराच्या खिडकीत दुसरी रेघ होती. तिने ती पाहिली होती. पाहणारी व्यक्ती भरवशाची होती, आणि तिच्या साक्षीला दुसऱ्या कोणाच्या सहीची गरज नव्हती. समीक्षाला रडू आलं, आणि ते दुःखाचंही होतं, कारण ज्यांच्यासाठी आजवर रडता आलं नव्हतं त्या दोघांसाठी ती आता रडू शकत होती; पण त्या रडण्याच्या बुडाशी जी गोष्ट होती तिला आनंद याखेरीज दुसरं नाव नव्हतं. तिला वाटलं, फाटकापर्यंत धावत जाऊन त्या पहारेकऱ्याला सांगावं.

सर आले तेव्हा बशा ओळीने मांडलेल्या होत्या. ते रुमाल न काढता पहिल्या बशीवर वाकले, मग दुसऱ्या, मग शेवटपर्यंत गेले आणि परत पहिल्यापाशी आले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने फाटे फोडले असते. सरांनी नाकावरचा रुमाल काढला. “म्हणजे माद्यांत दोष नाही,” ते म्हणाले.

“माद्यांनी आपलं काम केलंय, सर. आपण दिलेलं पुरलं नाही.”

त्यांनी मान डोलावली. कमी मात्रा बाद, असं कंपनीला तेच कळवणार होते, आणि कळवल्यावर त्यांना चार शब्द ऐकावे लागणार हे दोघांनाही ठाऊक होतं. अहवालात काय लिहायचं ते मात्र त्यांनी तिच्यावर सोपवलं. समीक्षाने ‘गर्भ धरला नाही’ ही ओळ खोडली आणि ‘धरला, टिकला नाही’ असं लिहिलं. आजवर तिने शेकडो अहवाल लिहिले होते. एखादं वाक्य लिहून झाल्यावर उठून खोलीत एक फेरी मारावीशी वाटावी, असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने पोलादपूरला उतरली आणि वाडीची जीप पकडून ऊन चढायच्या आत वर पोचली. अंगणात मांडव घातला होता, रांगोळी झाली होती. सोनाली हिरव्या साडीत पाटावर बसली होती, तोंड फुलांच्या जाळीखाली, दोन्ही हातांनी पदर धरलेला. पाटाशेजारी गोदूबाई, वाडीतली सगळ्यांत थोरली, दातांचं नाव नाही पण आवाज खणखणीत. बायका ओळीने पुढे होत होत्या. किती गो? तीन. किती गो? दोन. समीक्षा चपला काढून सरळ ओळीत जाऊन उभी राहिली तशी मागे-पुढे कुजबुज थांबली. किशोर पुरुषांत बसला होता, तो अर्धवट उठला आणि बसला. ठकूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिने समीक्षाला बाजूला घ्यायचा प्रयत्न केला नाही, फक्त जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “जेवाया बोलावलं व्हतं गो तुला.”

“ओटी भरायला आले, आई.”

ठकूबाईच्या कपाळावर घाम होता. ती सुनेकडे न बघता पाटाकडे बघत होती. तिला सुनेची भीती वाटत नव्हती, सुनेला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची वाटत होती, हे समीक्षाला त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की आठ वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला. पुढच्या एकेका बाईचं झालं आणि समीक्षाची पाळी आली. गोदूबाईला डोळ्यांनी कमी दिसायचं. पुढे कोण उभी आहे हे तिला नुसत्या अदमासाने कळलं असावं, कारण ती जरा अडखळली. पण रीत ती रीत.

“किती गो?”

“दोन,” समीक्षा म्हणाली.

कोणीतरी श्वास आत ओढला. सोनालीने फुलांची जाळी बाजूला करून वर पाहिलं. ठकूबाईचा आवाज चिरका झाला. “आगं काय बोलतीस? डाक्टरीन म्हनली ना, राहिलंच नाय म्हनून.”

“राहिलं नाही म्हणाली, आई. आलं नव्हतं असं नाही म्हणाली. दोनदा आलं होतं. राहिलं नाही.” तिचा आवाज चढला नाही. प्रयोगशाळेत निष्कर्ष सांगावा तसा तो सपाट आणि पक्का होता. “ती माझी होती. मी मोजणार.”

मग गोदूबाई खाकरली. ती पाटाला हात टेकून जरा सरसावून बसली आणि म्हणाली, “मी आजवर सहा सांगत आले. सहा जगली म्हनून. तशी आठ हायत.” आणि तिने बोटं दुमडून दोन वेगळी धरली, जशी काही ती तिथेच होती. ओळीतून मागून कोणीतरी म्हणालं, माझं बी एक. आधीच ओटी भरून बाजूला बसलेली एक उठली, तीन नव्हे, चार गो गोदूआय, म्हणाली आणि परत बसली. रडणारीही एक होती, पण बाकीच्यांच्या तोंडावर जे होतं ते रडण्यासारखं नव्हतं; बाजारातून येताना डोक्यावरचा भारा क्षणभर उतरवायला जागा मिळावी तसं होतं. समीक्षाने नारळ उचलला. तिने तो तांदळासह सोनालीच्या पदरात घातला, आणि सोनालीने पदर इतका पुढे केला की तांदळाचा एक दाणाही खाली सांडला नाही.

ओटी सगळ्यांत शेवटी सासूने भरायची असते. ठकूबाई पुढे झाली. तिचे दोन मुलगे अंगणात होते, किशोर आणि धाकटा, सगळ्या वाडीला ठाऊक असलेले, विचारायचीही गरज नसलेले दोन. गोदूबाईने तरी विचारलं. ठकूबाई बराच वेळ नारळ छातीशी धरून उभी राहिली. तिची नजर एकदा थोरल्या सुनेवर गेली आणि तिथेच थांबली.

“तीन,” ठकूबाई म्हणाली. “एक राहिलं नाय.”